सतरा नंबरचा पाय

अठ्ठावीस वर्षं मावशीने दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या बनवल्या आणि त्या अठ्ठावीस वर्षांत दात दाखवायला म्हणून एकदाही त्या खुर्चीत बसली नाही. गादी, लोखंड, नळ बनवणारे वेगळे. मावशीकडे खुर्चीचं डोकं होतं, म्हणजे पाठीमागच्या डब्यात बसणारा हिरवा बोर्ड. त्याच्या जिवावर खुर्ची वर जाते, मागे कलते, दिवा लागतो आणि चूळ भरायच्या पेल्यात पाणी पडतं. खुर्चीची नस न् नस तिला ठाऊक. पण खुर्चीत बसलं की तोंड उघडावं लागतं, आणि तेवढंच तिला जमत नव्हतं.

कारखान्यात तिला सगळे मावशीच म्हणत. फाटकावरचा रखवालदार तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तोही मावशी म्हणे. निदान त्याने तरी लाजावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. पाठीमागे मात्र तिचं नाव होतं पायमोजे. कारण नवा बोर्ड हातात आला की कोणी काही सांगायच्या आत ती त्याच्यावरच्या मुख्य चिपचे पाय, म्हणजे कडेने निघालेली धातूची बारीक टोकं, मोजायला बसे. अंबाड्यात खोचलेली दात कोरायची काडी काढायची, बोर्ड भिंगाखाली धरायचा आणि एक, दोन, तीन करत अठ्ठेचाळीसपर्यंत जायचं. काडीच का, तर ती लाकडाची. दोन पायांना एकदम लागली तरी वीज इकडून तिकडे जात नाही. काल अठ्ठेचाळीस होते ते आज सत्तेचाळीस होणार आहेत का, असं कोणी चिडवलं की ती म्हणे, सहलीहून परत निघताना तू पोरं मोजत नाहीस का? मग झालं.

तिची सुरुवात झाली ती सोल्डरिंगच्या बाकावर. तारा जोडता जोडता तिच्या लक्षात यायला लागलं की अमुक बोर्डावर दिव्याची तार नऊ नंबरच्या पायाला आहे आणि तमुक बोर्डावर तेवीसला. ती चिठ्ठ्या लिहून डब्यात चिकटवायला लागली. चिठ्ठ्यांची वही झाली, वहीचा कॉम्प्युटरवर तक्ता झाला, आणि एके दिवशी जुन्या मालकांनी तिला खिडकीजवळचं टेबल देऊन सांगितलं की आता हेच तुझं काम. त्या दिवशी तिने घरी जाऊन सासूबाईंना दोनदा सांगितलं की टेबल खिडकीजवळ आहे. भिंग, काड्यांची डबी आणि कोणत्या बोर्डावर कोणता पाय कोणाचा हे सांगणारा तक्ता, एवढाच तिचा संसार. पण तो तिचा होता.

आता या पायांचं प्रकरण काय, ते सांगायलाच हवं. चिपच्या एकेका पायाला चार-चार कामं येतात, पण एका वेळी एकच करता येतं. घरात न्हाणीघर एक आणि माणसं पाच असली की जी व्यवस्था लागते तीच इथेही लागते. आत कोण आहे ते बाहेरच्याला कळलं पाहिजे आणि कडी एकच पाहिजे. खुर्चीतला दिवा, पाठ, पेला, पायाने दाबायचं पेडल, मदतनिसाला बोलवायची घंटा, या प्रत्येकाला चालवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्याकडे अकरा ड्रायव्हर आहेत असं मावशीने घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा, एवढ्या गाड्या कोणाच्या, असं सासूबाईंनी विचारलं होतं.

भांडण होतं ते हे, की कोणता पाय कोणाचा हे ठरवायचं कुठे. ड्रायव्हरवाल्यांचा मुख्य होता प्रोफेसर. कुठल्या कॉलेजात शिकवायचा म्हणून नव्हे, तर चहा गार का झाला हेसुद्धा फळ्यावर आकृती काढून सांगायचा म्हणून. त्याचं म्हणणं, पेला आम्ही चालवतो, तर पेल्याचा पाय आमच्याच प्रोग्रॅममध्ये लिहिलेला बरा. मावशीचं म्हणणं, अहो, बोर्ड दर दीड वर्षाने बदलतो. मग अकरा ठिकाणी नंबर बदलत बसणार, आणि एक ठिकाण विसरणार. ड्रायव्हरने नंबर विचारूच नये. मला पाणी सोडायला एक पाय हवा, सुरुवातीला बंद असलेला, एवढंच मागावं. कोणता, ते तक्ता सांगेल. आणि मध्ये एक पायवाटप असेल, म्हणजे एक लहानसा प्रोग्रॅम, जो तक्ता बघून पाय लावून देईल आणि कोणाला दिला त्याची नोंद ठेवेल.

हे सांगून सांगून मावशीच्या दाताच्या कण्या झाल्या होत्या. शेवटी झालं काय, तर धड ना हे ना ते. मावशीने पायवाटप लिहिलं, निम्मे ड्रायव्हर त्याच्याकडून पाय मागायला लागले आणि निम्मे आपल्या मनाने घ्यायला लागले. प्रोफेसर तिच्या तक्त्याला किराणा मालाची यादी म्हणायचा. निदान तोंडावर म्हणायचा, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

असं गुळमुळीत अकरा वर्षं चाललं. मग नवा बोर्ड आला आणि दंतवैद्यकाच्या कॉलेजातून दोन पाहुणे खुर्ची बघायला आले. मालकीणबाई स्वतः हजर होत्या. जुन्या मालकांची ही मुलगी, कमी बोलणारी आणि बोललेलं न विसरणारी. खुर्चीत बसायचा मान विक्रीवाल्या काकांचा. काका चांगले भरदार, बोलण्यात पटाईत. दिवा लावून दाखवला, पाठ कलवून दाखवली, सरळ करून दाखवली. मग भरून ठेवलेल्या पेल्यातून ऐटीत चुळीसाठी तोंडभर पाणी घेतलं आणि पेला पुन्हा कसा आपोआप भरतो ते दाखवायला बटण दाबलं.

पेला भरला नाही. काकांची पाठ मात्र सावकाश मागे जायला लागली. तोंडात पाणी, गिळवत नाही, थुंकवत नाही, बोलवत तर नाहीच. काकांना वाटलं बटण नीट दाबलं गेलं नाही, म्हणून त्यांनी ते आणखी जोराने दाबलं. मग जे कारंजं उडालं ते पाहुण्यांच्या फायलीपर्यंत गेलं. पाहुणे सभ्य होते. रुमालाने फाईल पुसत म्हणाले, आम्ही पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतो.

पाहुणे गेल्यावर मालकीणबाईंनी प्रोफेसर आणि मावशी दोघांना समोर बसवलं. एका खुर्चीच्या पायांवर दोन घरांचा कारभार आता पुरे, असं त्या म्हणाल्या. बुधवारच्या बैठकीत चूक कुठे ते सांगायचं. चूक ड्रायव्हरमध्ये असली तर यापुढे सगळे ड्रायव्हर मुकाट्याने पायवाटपाकडून पाय मागतील. तक्त्यात किंवा पायवाटपात असली तर तक्ता बंद, सगळे पाय ड्रायव्हरवाल्यांकडे आणि मावशीने गोदामात सुट्या भागांकडे बघायचं. मावशीने खिडकीकडे बघितलं आणि मान हलवली. तिला गोदाम माहीत होतं. तिथे खिडकी नव्हती.

सोमवारी सकाळी तिने काडी काढली आणि पहिल्यापासून सुरू केलं. तक्ता बघितला. पेल्याला पाय एकतीस. बरोबर. पाठीला सतरा. तेही बरोबर. प्रोफेसरचा पेल्याचा ड्रायव्हर बघितला. तो बिचारा रीतसर पायवाटपाकडे पाय मागत होता, स्वतःचा नंबर कुठे लिहिलेलाच नव्हता. मग पेल्याचं बटण दाबल्यावर पाठ का हलते?

दुपारच्या जेवणाआधी सापडलं. नव्या खुर्चीत पाण्याचं सगळं काम एका वेगळ्या लहान बोर्डावर नेलं होतं, म्हणून तक्त्याची दोन पानं झाली होती. पेला दुसऱ्या पानावर. पायवाटप वाचत होतं फक्त पहिलं पान. इथवर ठीक होतं. पान वाचलं नाही, तर पेल्याला पाय मिळायला नको होता, बटण दाबून काहीच व्हायला नको होतं. पण पायवाटपात आणखी एक ओळ होती. तक्त्यात नाव सापडलं नाही तर जुन्या बोर्डावरचा पाय दे, असं ती म्हणत होती. जुन्या बोर्डावर पेला सतरावर होता. आता सतरावर पाठ बसलेली. आणि ही ओळ मागच्या दाराने जाणारी, कडी वाजवून आत कोण आहे ते न बघणारी.

ओळीच्या शेजारी शेरा होता: नाही सापडलं तर जुनंच दे, उगाच कोणाची खुर्ची अडू नये.

शेरा मावशीचा होता. खाली नाव नव्हतं, पण स्वतःचं बोलणं माणसाला कळतं. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी खुर्ची होती, तिच्यात तक्ता नव्हताच. नवा प्रोग्रॅम घातल्यावर ती पेशंटसकट अर्ध्यात अडकली आणि डॉक्टरांचा रडवेला फोन आला. मावशीला कणव आली. तिने तात्पुरती म्हणून ती ओळ घातली. तात्पुरत्या गोष्टी किती चिवट असतात ते काय सांगायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खोटं कशाला बोला, मावशीने ती ओळ निवडली आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. कोणाला कळणार होतं? दुसरं पान वाचायची सोय करायची, ओळ नाहीशी करायची, खुर्ची लगेच ठीक चालली असती. मग बुधवारी एवढंच म्हणायचं की ड्रायव्हरच्या मागण्यात काहीतरी गडबड होती, आता सुधारली. अळीमिळी गुपचिळी. प्रोफेसरलाही आपल्या ड्रायव्हरबद्दल छातीठोक काही सांगता आलं नसतं. किराणा मालाच्या यादीचं उट्टंही निघालं असतं. तिने बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. डावीकडची खालची दाढ तेवढ्यात ठणकली. ती काही महिने अशीच ठणकत होती. मावशीने कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला गेली. जेवली उजव्या बाजूने.

घरी दोघीच. नवरा बदलीच्या गावी, मुलगी शिकायला होस्टेलवर. सासूबाई पंचाहत्तरीच्या, पण कान तिखट. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. रोज संध्याकाळी मावशीने चपला काढल्या की त्या विचारायच्या, काय झालं? आणि मावशी म्हणायची, काही नाही. सोमवारीही तेच झालं. मग हात धुता धुता मावशीने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, एक्स्चेंजमध्ये मागितलेला नंबर सापडला नाही तर काय करायचात?

सासूबाई खुलल्या. त्यांच्याबरोबर एक नवी ऑपरेटर होती, फार मायाळू. कोणाला नाही म्हणायचं तिच्या जिवावर यायचं. एकदा एका गृहस्थांचा नंबर सापडेना, तर तिने त्याच आडनावाच्या दुसऱ्या घरी जोडून दिलं. बोलणाऱ्याने पलीकडचं काही ऐकून न घेता दहा मिनिटं सांगितलं की तुमचा मुलगा आम्हाला पसंत नाही. त्या घरात तर चार दिवसांनी सून यायची होती. मग जो गोंधळ झाला तो निस्तरायला साहेबांना त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी लागली. सासूबाई हे सांगताना अजूनही हसत होत्या.

“अगं, नाही मिळालं तर नाही मिळालं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “माणूस चिडतो, चिडू दे. पण भलत्याच घरी जाऊन आपलं मन मोकळं तरी करत नाही.”

मावशी हसली नाही. हात धुवून झाले तरी ती नळाशीच उभी राहिली. काय झालं, असं सासूबाईंनी पुन्हा विचारलं. काही नाही, असं मावशी पुन्हा म्हणाली.

बुधवारी बैठकीला सहा जण होते. प्रोफेसरने फळा भरून टाकला होता, बाणच बाण. त्याचा निष्कर्ष होता की ड्रायव्हर शुद्ध आहे, आणि तक्ताही शुद्ध दिसतो. यातलं दुसरं म्हणणं त्याला फार अवघड जात होतं. मालकीणबाईंनी मावशीकडे बघितलं.  तिला भीती वाटत होती, आणि खिडकी जाण्यापेक्षाही जास्त भीती या सगळ्यांच्या नजरेची वाटत होती.

“चूक पायवाटपात आहे,” ती म्हणाली. “आणि ती माझी आहे. अकरा वर्षांपूर्वी मी एक ओळ घातली. काही सापडलं नाही तर गप्प बसून जुनंच द्यायचं, अशी. मला वाटलं मी कोणाची तरी सोय करतेय.”

मग तिने दोन पानांचं, सतराचं आणि मागच्या दाराचं सगळं सांगितलं. आणि सांगून झाल्यावर खाली बसली नाही. टेबल जातच होतं, तर निदान व्यवस्था तरी नीट सांगून जावी, असं तिला वाटलं. ती म्हणाली, पाय कोणाकडेही जाऊ देत, पण ही सवय मोडा. ड्रायव्हरने काय हवं तेवढं सांगावं, कोणता ते तक्त्याने सांगावं. तक्त्यात नसेल तर खुर्चीने सुरूच होऊ नये आणि काय मिळालं नाही ते स्क्रीनवर लिहावं. आणि दिलेला पाय दुसऱ्याने मागितला तर तो कोणाकडे आहे ते नाव घेऊन सांगावं. गुपचूप काही नाही.

 विक्रीवाले काका पुटपुटले, म्हणजे माझ्या तोंडावर पाणी उडालं ते सोयीमुळे. मालकीणबाई प्रोफेसरकडे वळल्या आणि म्हणाल्या की ठरल्याप्रमाणे तक्ता बंद, सगळे पाय आता तुमच्याकडे.

प्रोफेसरने खडू खाली ठेवला. फळ्याकडे पाठ करून तो बोललेला त्या इमारतीत बहुधा पहिल्यांदाच कोणी बघितला असेल.

“मला नको,” तो म्हणाला. “खरं सांगू? तसली ओळ मला माझ्या ड्रायव्हरमध्ये सापडली असती, तर मी पुसून टाकली असती आणि यांच्या तक्त्यावर ढकलून दिलं असतं. माझ्या अकरा ड्रायव्हरांत असल्या किती ओळी आहेत ते माझं मला माहीत नाही. तक्ता जिथे आहे तिथेच राहू दे, बाई.”

मालकीणबाई बरं म्हणाल्या. एवढंच. बाहेर आल्यावर मावशी जिन्यात बसली आणि रडली, अगदी दोनच मिनिटं. मग तिने डोळे पुसले आणि दोघं कामाला लागले. प्रोफेसरने आपले सगळे ड्रायव्हर पायवाटपाकडे वळवले आणि त्यांच्यातले सापडले तेवढे नंबर काढले. मावशीने ती ओळ काढली, पण दुसरं पान वाचायची सोय मुद्दामच शेवटी ठेवली. आधी खुर्ची बोलते का ते बघायचं होतं.

गुरुवारी सकाळी खुर्चीला वीज दिली. खुर्ची ढिम्म. स्क्रीनवर एकाखाली एक ओळी आल्या. पेल्याला पाय सापडला नाही. थुंकायचं भांडं धुण्याच्या पाण्याला पाय सापडला नाही. घंटेने पाच नंबर मागितला, पाच पेडलकडे आहे. म्हणजे कोणी पेडल दाबलं की घंटा का वाजते, हे जे जुन्या खुर्च्यांतही वर्षभर भूत होतं, ते हे होतं. मेंटेनन्सवाल्यांनी त्यासाठी तीन घंटा बदलल्या होत्या. एवढ्या तक्रारी करणारी खुर्ची त्या कारखान्याने कधी बघितली नव्हती, आणि मावशी इतकी खूश कधी झाली नव्हती. संध्याकाळपर्यंत एकेक तक्रार मिटवली. शेवटी स्क्रीन कोरी झाली आणि खुर्ची उठून उभी राहिली.

शुक्रवारी पाहुणे आले. विक्रीवाले काका म्हणाले, बोलायला मी आहे, बसायला दुसरा बघा. सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. आता नाही कसं म्हणणार? ती बसली, चपला काढून, कडेकडेने. बटण दाबलं. पाठ हलली नाही. पेल्यात पाणी पडलं, काठाच्या बोटभर खाली थांबलं. तो आवाज तिने अठ्ठावीस वर्षं खुर्चीच्या मागून ऐकला होता. पाहुण्यांपैकी एक डॉक्टर खूश होऊन दिवा ओढून म्हणाले, जरा आ करा बघू, उजेड कसा पडतो बघतो. मावशीने दोन्ही ओठ मिटून घेतले आणि मानेनेच नाही म्हणाली. मग उठून उभी राहत म्हणाली, खुर्ची दाखवायची आहे, दात नाहीत. सगळे हसले. डॉक्टर मात्र तिच्या डाव्या गालाकडे बघत राहिले. 

संध्याकाळी ती घरी आली. चपला काढल्या. सासूबाई खिडकीशी वाटाणे सोलत होत्या.

“काय झालं?”

काही नाही, हे शब्द ओठांवर आलेच होते. अठ्ठावीस वर्षांची वाट, जीभ आपली आपण निघालेली. मावशीने ती तिथेच थांबवली. पिशवी खाली ठेवली, सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसली आणि गालाला हात लावला.

“आई, दात दुखतोय. पाच महिने झाले. मला दाखवायची भीती वाटते.”

सासूबाईंनी वाटाण्यांचं भांडं बाजूला सरकवलं.

“पाच नाही, सहा,” त्या म्हणाल्या. “एकाच बाजूने चावतेस, मला दिसत नाही होय? मी रोज नंबर मागत होते. तू रोज भलतीकडेच जोडून द्यायचीस.”

मग त्यांनी चष्मा लावला आणि फोन जवळ ओढला.